वाचून न दाखवलेला जबाब

पिंगळीत बीए एकच होता. मार्तंड. लोक त्याचं नाव घेताना आडनाव लावत नसत, बापाचं नावही लावत नसत, नुसतं 'बीए' म्हणत, आणि कोण ते सगळ्यांना कळायचं. स्टेशनवरचा हमाल त्याला बीए म्हणायचा, न्हावी बीए म्हणायचा, आणि विहिरीवरच्या बाया त्याच्या बायकोला, पद्मजेला, 'बीएची बायको' म्हणायच्या. सुरुवातीला त्यात मान होता. पुढे पुढे मान किती आणि चेष्टा किती हे सांगणं अवघड होऊ लागलं.

बीए करायचं खूळ त्याच्या बापाचं. गोविंदराव पिंगळीचे भिक्षुक. लग्नं, मुंजी, सत्यनारायण सांगून सांगून त्यांचा गळा बसलेला. एक दिवस ओसरीवर त्यांनी पोराला समोर बसवलं आणि म्हणाले, "तीन पिढ्या देवाची भाषा बोललो आपण. घरात काय आलं? सुपाऱ्या आल्या. आता तू सरकारची भाषा शीक." सरकार निजामाचं, भाषा उर्दू. तिच्या मागे फारसी, कारण फारसी आली की उर्दूला वजन येतं असं कुणीतरी गोविंदरावांच्या कानात सांगितलं होतं. पोरगं हुशार होतं. परभणीच्या शाळेतून मॅट्रिक झालं आणि हैदराबादेला गेलं.

तो निघाला त्या दिवशी बायनाबाई स्टेशनवर आली होती. तिची ओळख आधी सांगायला पाहिजे. मार्तंडाची आई तो अकरा महिन्यांचा असताना गेली. शेजारच्या आवारात सटवाजी आणि बायनाबाई हे कुणब्याचं जोडपं, त्यांची एक गाय, आणि मूलबाळ नाही. तान्ह्या मार्तंडाला दूध तिच्या घरून आलं. सोवळंओवळं गोविंदरावांनी सहा महिने गुंडाळून ठेवलं, कारण पोर जगायचं होतं. तो तिला 'मावशी' म्हणायचा; ती त्याला 'मार्तंडा' म्हणायची, कान धरायची, नाक पुसायची. हैदराबादच्या गाडीत तिने त्याच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "लय शीक. शिकून ये. मग आमाला कुनाच्या पाया पडायला नको कागद वाचायला."

चार वर्षांनी, एकोणीसशे अडतीस साली, तो बीए होऊन परत आला. गोविंदरावांनी गावात साखर वाटली. बायनाबाईही आली, दारातच थांबली, पदर सावरून म्हणाली, "कवा आले तुमी?" त्या दिवसापासून ती त्याला 'तुमी' म्हणू लागली. मार्तंडाला ते बोचलं, पण थोडं आवडलंही. खोटं कशाला बोला.

त्याच्याबरोबर फारसी घेऊन पास झालेले या जिल्ह्यातले आणखी दोघं होते. एकाने पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि तो तेवढा तरला. दुसरा पालमचा चंद्रभान. तो घरी आला आणि बापाच्या दुकानात गूळ तोलायला बसला. पालमच्या शाळेत एक मास्तरची जागा होती, ती चंद्रभानने आधी मार्तंडाला सुचवली. "मी हितून हलू शकत नाही, तू तरी ये," असं पत्र घातलं. मार्तंडाने ते पत्र पद्मजेला वाचून दाखवलं आणि हसला. बीए होऊन पोरांना अलिफ-बे शिकवायचं? त्याच्या डोक्यात कचेरी होती, खुर्ची होती, दारात चपराशी होता. ती मास्तरकी कुण्या मॅट्रिकवाल्याने पटकावली आणि तो जन्मभर सुखाने जेवला. मार्तंडाला हे पुढे फार वेळा आठवायचं.

परभणीच्या तहसील कचेरीत मार्तंड लागला तो उमेदवार म्हणून. उमेदवार म्हणजे बिनपगारी. नोकरीची आशा हाच पगार. जागा रिकामी होईपर्यंत कचेरीत यायचं, पडेल ते लिहायचं, आणि साहेबाच्या नजरेत राहायचं. उमेदवाराला टेबल नाही, खुर्ची नाही. आपली सतरंजी आपण आणायची, दौत-टाक आपला, शेरवानीही आपलीच. मार्तंडाने घरून आणलेली सतरंजी दाराच्या आत डाव्या हाताला पसरली, तिच्यावर बसला, आणि तिथे त्याची पाच वर्षं गेली. सतरंजी मधोमध विरली. पद्मजा दर दिवाळीला शेरवानीची कोपरं रफू करायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

घर चालायचं ते गोविंदरावांच्या सुपाऱ्यांवरच.

त्याचं काम जबाब लिहिण्याचं. शेतकरी मराठीत रडायचा आणि ते रडणं उर्दूत लिहिलं जायचं. जबाब लिहून झाला की तो शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, त्याने मान डोलवायची, आणि मग अंगठा. प्रत्येक जबाबाखाली एक ठरलेली ओळ असायची, "पढ़ कर सुनाया गया, सुन कर तस्लीम किया." वाचून दाखवला, ऐकून कबूल केला. मार्तंडाचं अक्षर असं होतं की खुद्द तहसीलदारसाहेब कधीकधी कागद उचलून नुसतं अक्षर बघायचे. बघायचे आणि खाली ठेवायचे.

कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बन्सीधर अर्जनवीस बसायचा. चौथीपर्यंत मराठी-उर्दू शिकलेला, कोंबडीच्या पायासारखं अक्षर. लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. अक्षर इतकं वाईट की त्याचं त्यालाच लागायचं नाही, म्हणून तो प्रत्येक अर्ज तीन-तीनदा मोठ्याने वाचायचा, आणि गिऱ्हाईक त्याला मध्येच अडवायचं, "तसं न्हवं, असं लिवा." दिवसभर तिथे कल्ला चालायचा. बन्सीधर दुपारी भाकरी सोडताना हाक मारायचा, "बीए, या की हितं. सावली हाय. दोघं मिळून लिवू. आत काय मिळायलंय तुमाला?"

"पाहू," मार्तंड म्हणायचा. लिंबाखाली बसायचं म्हणजे हैदराबादेची चार वर्षं मातीत घालायची. तो आत जायचा.

त्रेचाळीसच्या फाल्गुनात कचेरीतला म्हातारा मुतर्जिम, म्हणजे भाषांतर करणारा कारकून, घरी बसला. जागा रिकामी झाली. पाच वर्षांत पहिलीच. उमेदवार तिघं होते आणि तहसीलदारापुढे नाव ठेवणार होते दिनकरराव पेशकार. पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा, कचेरीची किल्लीच. दिनकरराव मराठीच, आपल्यातलेच, जिभेवर साखर आणि पोटात काय ते देवाला माहीत.

एका सकाळी त्यांनी मार्तंडाला जवळ बोलावलं. "मार्तंडराव, आज दुपारी नाव लिहायलोय मुतर्जिमच्या जागेसाठी. कुणाचं लिहू, सांगा बरं?" आणि हसले. मग म्हणाले, "त्याच्या आधी एक जबाब घ्यायचाय. तुमच्याच गावचा हाय. जरा नीट लिहा. मी सांगतो तसं."

जबाब बायनाबाईचा होता.

सटवाजी मागच्या पावसाळ्यात साप चावून गेला होता. त्याचं वावर रेल्वेच्या रुळाला लागून, मार्तंडाच्या रोजच्या गाडीच्या वाटेवर. त्याला चिकटून आबासाहेब देशमुखांची जमीन. आबासाहेबांनी कचेरीत सांगितलं होतं की सटवाजीने मरायच्या आधी वावर आपल्या हवाली केलं, आणि त्याच्या बायकोचीही ना नाही. ना आहे की नाही ते बायनाबाईने येऊन सांगायचं होतं. एवढंच.

ती आली. नवं लुगडं नेसून आली होती, कारण कचेरी म्हणजे मोठी जागा. दारातून आत डोकावली, सतरंजीवर मार्तंड दिसला, आणि तिचा चेहरा असा सुटला की मार्तंडाने मान खाली घातली. ती पेशकाराकडे बघून बोललीच नाही. मार्तंडाकडेच बघून बोलली. "वावर आमचं हाय, दादा. मालकानं कुनाला दिलं न्हाई. मीच कसायलेय. औंदाची कपाशी मीच येचली. तुमी तर गाडीतून रोज बघायलात."

"बघायलोय," मार्तंड म्हणाला.

"लिहा," दिनकरराव म्हणाले, आणि बायनाबाईला न कळणाऱ्या उर्दूत सांगू लागले. मुसम्मात बायनाबाई, बेवा सटवाजी, बयान करती है, म्हणजे सटवाजीची विधवा बायनाबाई सांगते की. मार्तंड लिहू लागला. माझ्या नवऱ्याने राजीखुशीने जमीन आबासाहेबांच्या ताब्यात दिली. मला त्यावर दावा नाही. पुढे कधी करणार नाही. दिनकरराव खिडकीबाहेर बघत सांगत होते, जसं काही कुणाच्या तब्येतीची चौकशी चालली आहे.

मार्तंडाचा हात एकदा थांबला. दिनकररावांनी वळून पाहिलं आणि टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. नाव लिहायचा.

आता मार्तंडाच्या मनात काय आलं ते सांगतो, कारण तो दुष्ट नव्हता आणि तसं कुणी समजू नये. त्याच्या मनात आलं की लिहून टाकू. आपण हुकमाचे ताबेदार. जबाब वाचून दाखवायचा नियम आहे. आपण मराठीत नीट वाचू, मावशी ऐकेल, कपाळावर हात मारेल, म्हणेल असं मी कधी बोलले? अंगठा देणार नाही. जबाब तिथेच बुडेल, वावर वाचेल, आणि आपण तर सांगितलं तसं लिहिलंच होतं. पेशकार आपल्यावर रागावायला कारण नाही. हे त्याला इतकं पटलं की हात पुन्हा चालू लागला, आणि नेहमीपेक्षा अक्षर सुंदर आलं. शेवटची ठरलेली ओळही त्याने लिहिली. वाचून दाखवला, ऐकून कबूल केला.

मग त्याने कागद उचलला, घसा साफ केला. "मावशी, आता वाचून दाखवतो. नीट ऐक."

बायनाबाईने हात पुढे केला होता. अंगठा वर करून. चपराश्याने शाईची डबी उघडून धरली होती. "वाचायचं काय त्यात?" ती म्हणाली, आणि चपराश्याकडे, पेशकाराकडे, कचेरीतल्या सगळ्यांकडे अभिमानाने बघून म्हणाली, "आमच्या मार्तंडानं लिवलंय. दुसऱ्यानं लिवलं असतं तर वाचून घेतलं असतं."

"तरी नियम आहे," मार्तंड म्हणाला. पण फार हळू म्हणाला.

"नियम बाकीच्यांला," ती म्हणाली, आणि शाईत अंगठा बुडवला.

त्याला अजून वेळ होता. शाईतून कागदापर्यंत अंगठा यायला किती वेळ लागतो, तेवढा. एक शब्द पुरे होता. दिनकरराव कोऱ्या कागदावर टाक टेकवून बसले होते. अंगठा कागदावर उठला. बायनाबाईने बोट डोक्याच्या केसांना पुसलं आणि जाता जाता पद्मजेला घरी शेंगा पाठवीन म्हणाली.

दुपारी तहसीलदारापुढे मार्तंडाचं नाव गेलं. आठ दिवसांत तो मुतर्जिम झाला. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. सतरंजी त्याने घरी नेली तेव्हा पद्मजेने ती झटकून वळचणीला टाकली आणि पहिल्यांदा पाच वर्षांत हसली. गोविंदरावांनी पुन्हा साखर वाटली. मार्तंडाने साखरेला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

रोज सकाळी पिंगळीहून परभणीला जाणारी गाडी त्या वावराजवळून जायची. आता तो डब्यात उलट्या बाजूला बसू लागला. पेरण्या सुरू झाल्या, आबासाहेबांची औतं तिथे दिसली, असं डब्यातली माणसं बोलायची. तो पेपर उघडून बसायचा.

आषाढात बायनाबाई कचेरीत आली. हातात कागद, कडेला शेंगांचं फडकं. तिला नव्या खुर्चीचं फार कौतुक वाटलं. फडकं टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, वावरात पेरायला गेले तर आबासायबाच्या मानसांनी हाकललं. हा कागद दिला हातात. काय लिवलंय बघा बरं. कुनीतरी खोटं लिवलं असंल."

मार्तंडाने कागद घेतला. जबाबाची नक्कल होती, खाली वावर आबासाहेबांना देण्याचा हुकूम. त्याला खोटं वाचता आलं असतं. ते त्याच्या मनात येऊन गेलंही. पण तोवर त्याच्यात एवढं खोटं उरलं नव्हतं. त्याने मराठीत वाचलं, एकेक शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि लिहिणाऱ्याचं नाव तेवढं गाळलं.

बायनाबाई त्याच्याकडे बघून, अगदी मायेने, म्हणाली, "तुमी थकलात. सकाळपून कागदच वाचायलात. चुकून दुसरंच वाचलं असंल." आणि तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

खिडकीतून त्याला दिसत होतं. ती लिंबाखाली गेली. बन्सीधरने कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्याच्या सवयीने मोठ्याने वाचायला लागला. एकदा वाचलं. तिने काही विचारलं, त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तो शेवटी अडखळला, वर कचेरीकडे बघितलं, आणि मग नावही वाचलं. मार्तंड वल्द गोविंदराव, बी. ए.

बायनाबाईने वळून खिडकीकडे पाहिलं. रडली नाही. कागद पदराच्या टोकाला बांधला आणि स्टेशनच्या वाटेला लागली. शेंगांचं फडकं टेबलावरच राहिलं. मार्तंडाने ते घरी नेलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. चपराश्याने चार दिवसांनी शेंगा खाल्ल्या.

त्यानंतर मार्तंड प्रत्येक जबाब दोनदा वाचून दाखवू लागला. कुणी नको म्हटलं तरी. माणूस उठून चालला तर हात धरून बसवायचा. कचेरीत हसायचे, पेशकार चिडायचे, दिवसाची दहा कामं व्हायची तिथे सहा होऊ लागली. लोक म्हणायचे, बीएचं डोकं फिरलं. त्यात आणखी एक गोष्ट, ती त्याने कुणाला सांगितली नाही. कचेरीतून पद्मजेला घरी साधा निरोप लिहितानाही त्याचं मराठी अडायचं. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. इतकी वर्षं त्याने आपल्या माणसांचं बोलणं परक्या भाषेत नेऊन पोचवलं, पण ते परत आणायची वाट त्याला आता सापडत नव्हती.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. फौजा आल्या, गावात लोक नाचले, गोविंदराव तेवढं बघून दिवाळीत गेले. कचेरीत नवा साहेब आला, बाहेरच्या प्रांतातला. त्याला उर्दू येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. जबाब मराठीत घ्या म्हणाला. आता मराठीत बोललेलं मराठीतच लिहायचं तर मुतर्जिम कशाला? जागा मोडली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मार्तंडाला विचारलं, "तुमचं शिक्षण काय?"

"बीए. उर्दू आणि फारसी."

"अरेरे," साहेब म्हणाला. मनापासून म्हणाला.

मार्तंड टेबल आवरून बाहेर पडला तेव्हा लिंबाखाली ही गर्दी. जुनी प्रकरणं पुन्हा ऐकणार असं नव्या साहेबाने सांगितलं होतं, आणि बन्सीधरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मार्तंडाने ते ऐकलं आणि त्याच्या पायात एकदम बळ आलं. त्या दिवशी तो गाडीची वाट न बघता रुळाच्या कडेकडेने पिंगळीला चालत गेला.

वावरात कपाशीची वेचणी चालली होती. बायनाबाई मजुरीने वेचत होती, तिच्याच वावरात, ओटीत कापूस भरून. पाच वर्षांत ती वाळून गेली होती. मार्तंड बांधावर उभा राहिला. शेरवानी अंगात होती, तिची कोपरं पुन्हा फाटली होती.

"मावशी," तो म्हणाला, "राज्य बदललं. तुझं प्रकरण पुन्हा उघडता येतं. मी साक्ष देतो, मीच खोटं लिहिलं म्हणून सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे. अर्ज मराठीत करायचाय. मी लिहितो, आत्ता लिहितो." आणि त्याने खरंच खिशातून कागद काढला, बांधावर बसला, आणि लिहू लागला. शब्द अडले, त्याने ते खोडले, पुन्हा लिहिले. अकरा-बारा ओळींना त्याला तासभर लागला. एवढ्या वेळात बायनाबाईने कपाशीच्या दोन रांगा वेचून पूर्ण केल्या. हाक मारली तेव्हा ती आली, बांधाखाली उभी राहिली.

"लिवलं?"

"लिहिलं. वाचून दाखवतो."

"नका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. तिने कापसाने भरलेली ओटी एका हाताने सावरली आणि दुसरा हात कागदासाठी पुढे केला. "द्या हिकडं. तुमचं अक्षर चांगलं हाय, ते काय खोटं न्हाई. पर आंगठा द्यायच्या आधी म्या बन्सीधराकून वाचून घेईन."